प्रकरण सातवे : हवाई उडी आणि डोळ्यांचे रक्षण

विमानातून उडी घेतल्यावर डोळे उघडे ठेवता येतात काय, आणि ज्याला चष्मा आहे त्याने तो घालून उडी घ्यावी की खाली ठेवून जावे, हे दोन प्रश्न हवाई उड्यांचा विषय निघाला की हटकून विचारले जातात. प्रश्न साधे वाटतात. परंतु छत्री केव्हा उघडायची, कोठे उतरायचे आणि कशाला चुकवायचे हे सर्व ज्या इंद्रियाच्या भरवशावर ठरते त्याच्याविषयीचे ते असल्यामुळे, छत्रीच्या कापडाची आणि दोऱ्यांची जितक्या कसोशीने तपासणी होते तितक्याच कसोशीने डोळ्यांवरील कवचाचीही व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

वर्धा जिल्ह्यातील वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. विमानासाठी आपल्याला नागपूरच्या सोनेगावाकडे जावे लागते हे खरे. पण त्याच नागपुरात वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे, आणि १९८७ साली स्थापन झालेल्या वायुसेनेच्या आकाशगंगा पथकाच्या उड्या विदर्भातील लोकांनी डोळे भरून पाहिलेल्या आहेत. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याहूनही अभिमानाचे उदाहरण म्हणजे पुण्याच्या शीतल महाजन ह्यांचे. पूर्वी एकही उडी घेतलेली नसताना त्यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर, उणे ३७ अंश सेल्सिअसच्या थंडीत, २,४०० फुटांवरून पहिली उडी घेतली. पुढे २००६ साली त्या दक्षिण ध्रुवावर उतरल्या, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमधील पट्टाया येथे त्यांनी नऊवारी नेसून सुमारे १३,००० फुटांवरून उडी घेतली. त्या उडीची छायाचित्रे पाहताना सर्वांची नजर नऊवारीवर खिळते. माझ्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही की, पोशाखात एवढा धाडसी बदल करणाऱ्या ह्या बाईंनी शिरस्त्राण आणि गॉगल ह्यांच्या बाबतीत मात्र कसलीही सवलत घेतली नाही.

१. वारा किती जोराचा असतो

प्रथम वेगाचा हिशेब समजून घेऊ. विमानातून सुटलेला माणूस आरंभी झपाट्याने वेग घेतो. परंतु वेग वाढतो तसा हवेचा विरोधही वाढत जातो, आणि सुमारे दहा-बारा सेकंदांत एक अवस्था अशी येते की विरोध आणि वजन ह्यांची बरोबरी होऊन पुढे वेग वाढत नाही. पोट जमिनीकडे आणि हातपाय पसरलेले अशा नेहमीच्या स्थितीत हा स्थिर वेग ताशी सुमारे २०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ५५ मीटर एवढा असतो. डोके खाली करून सुळकी मारल्यास तो ताशी २५० किलोमीटरच्याही पुढे जातो.

आता वर्धा-नागपूर रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाने फटफटी चालविणाऱ्या माणसाशी ह्याची तुलना करावी. उडी घेणाऱ्याचा वेग त्याच्या चौपट. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तो चौपट न राहता चार गुणिले चार, म्हणजे सोळापट होतो. प्रत्यक्ष आकड्यात सांगायचे तर चेहऱ्याच्या दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १९ ग्रॅम भार पडतो. हा भार डोळा फोडण्याइतका नाही, आणि म्हणून पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की डोळे किलकिले करून उघडे ठेवता येतात. मात्र त्यांना दिसत काही नाही. आणि खरा धोका ह्या न दिसण्यातच आहे.

२. न दिसण्याचे कारण

बुबुळाच्या पुढे जो पारदर्शक पडदा असतो त्यावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर सदैव पसरलेला असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने मोजण्याइतकी, म्हणजे असे दोन-चार भाग एवढीच भरते. तरीही डोळ्यात शिरणारा प्रकाश बिनचूक वळविण्याच्या कामी ह्या थराचा गुळगुळीतपणा फार महत्त्वाचा असतो. आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववितो ती हा थर सारखा करण्यासाठीच. वाऱ्याच्या झोताने थर वाळतो, फाटतो. शरीरातील सर्वाधिक संवेदनक्षम भागांत ज्याची गणना होते तो हा पडदा तत्काळ मेंदूकडे तक्रार करतो, आणि मेंदू एकदम पाणी सोडण्याचा हुकूम देतो. ते पाणीही वारा डोळ्यावर थरथरवीत ठेवतो, पापण्या फडफडू लागतात, आणि समोरचे सारे चित्र विरघळून गेल्यासारखे होते.

ह्याला कणांची भर पडते. उंचावर धूळ कमी असली तरी किडे असतात, पावसाचे थेंब असतात. आणि जमीन जवळ आली की चैत्र-वैशाखातील आपल्याकडची उठलेली धूळ, पऱ्हाटीचा व तुरीचा वाळलेला चुरा हे सर्व वाट पाहत असतात. वनस्पतीच्या बारीकशा कुसळाने बुबुळावर ओरखडा उठला तर त्यात बुरशी शिरून जखम चिघळते आणि दृष्टी कायमची अधू होऊ शकते, हे शेतकरी समाजात काम करणारा प्रत्येक नेत्रवैद्य जाणतो. म्हणून छत्री उघडल्यावर, आता वारा मंदावला अशा समजुतीने गॉगल कपाळावर चढविणे गैर आहे. पाय जमिनीला लागून छत्रीचे कापड खाली बसेपर्यंत तो डोळ्यांवरच राहावा.

३. पाच सेकंदांची किंमत

समजा, १०,००० फुटांवर विमान सोडले आणि छत्री ५,००० फुटांवर उघडायची आहे. पहिले हजार फूट उतरण्यास सुमारे १० सेकंद लागतात, आणि नंतरच्या प्रत्येक हजाराला सुमारे साडेपाच. चार हजारांचे २२ आणि आरंभीचे १० मिळून ३२ सेकंद झाले. एवढ्या अवधीत मनगटावरील उंचीमापक पुनःपुन्हा पाहायचा, शेजारी कोण आहे त्याचे भान ठेवायचे, आणि योग्य क्षणी हाताने मूठ शोधून ओढायची. ह्यांतील फक्त पाच सेकंद डोळे पाण्याने भरले तर माणूस २७५ मीटर, म्हणजे सुमारे ९०० फूट, आंधळेपणाने खाली आलेला असतो. सरावलेली माणसे ३,००० फुटांच्या आसपास छत्री उघडतात. त्यांच्या बाबतीत ही हानी हाती असलेल्या उंचीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढी होते.

ह्यावरून गॉगल निवडण्याची खरी कसोटी हाती येते. तो कसा दिसतो, कोणत्या कंपनीचा आहे, किती काळा आहे, हे सर्व प्रश्न दुय्यम आहेत. तो घालून ताशी २०० किलोमीटरच्या वाऱ्यात मनगटावरील काटा वाचता येईल काय, हा मुख्य प्रश्न. आणि पुढील सर्व विवेचन त्या एकाच प्रश्नाच्या अनुरोधाने केले आहे.

४. बसणी

काचेपेक्षा बसणीला मी अधिक महत्त्व देतो, आणि दुकानात गिऱ्हाईक नेमके ह्याच्या उलट करते. उडी घेणारा पोटावर पडून, मान किंचित मागे टाकून क्षितिजाकडे पाहत असतो. त्यामुळे वारा त्याला फटफटीस्वारासारखा समोरून न लागता हनुवटीकडून, गालांवरून वर चढत लागतो. म्हणजे गॉगलची वरची कड कपाळाला किती चिकटते ह्यापेक्षा खालची कड गालफडांच्या हाडांवर आणि नाकाच्या दोन्ही बाजूंच्या खोलगट जागेत किती नीट बसते, ह्यावर सर्व अवलंबून आहे. कारखान्यांतून मिळणाऱ्या कित्येक गॉगलांना खालच्या बाजूस मोठाली भोके असतात. रंधा मारताना किंवा घासकाम करताना ती उपयोगी, परंतु येथे त्यांतूनच वारा आत घुसतो. साधा उन्हाचा चष्मा तर ह्या कामी पूर्णतः बाद समजावा. त्याच्या चारही बाजू उघड्या असतात, आणि विमानाच्या दारातून बाहेर पडताच तो उडून जाण्याची शक्यता मोठी.

परीक्षा अशी करावी. गॉगल चढवून पट्टा आवळावा, आरशात पाहून नाकाजवळ उजेडाची फट दिसते का ते तपासावे. नंतर तोंड मोठे उघडावे, हसावे, गाल फुगवावे, कारण वाऱ्याच्या जोराने गालांचे मांस वर सरकते आणि स्थिर चेहऱ्यावर नीट बसलेला गॉगल त्या वेळी उचलला जातो. मान जमिनीकडे आणि आकाशाकडे पूर्ण वळवून पाहावी. डोके जोराने हलविल्यावर तो तसूभरही सरकता कामा नये. आणि काढल्यावर कातडीवर फिकट वळ राहिला तर पट्टा बरोबर आवळला असे समजावे. डोके दुखेल इतका ताण मात्र नको. हे सर्व शिरस्त्राणासह करून पाहणे अत्यावश्यक आहे, कारण शिरस्त्राणाची कपाळपट्टी गॉगलला खाली ढकलते आणि नाकाजवळची बसणी बिघडते. पट्टा शक्यतो शिरस्त्राणाच्या आत जावा.

पट्ट्याच्या रबराविषयी आपल्या हवामानात विशेष दक्षता घ्यावी लागते. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बंद मोटारीत काचेखाली ठेवलेला गॉगल अशा उन्हाळ्यात तापून निघतो, पट्ट्याचा ताण मरतो, चेहऱ्याला टेकणारा मऊ स्पंज कडक होऊन त्याचा भुगा पडू लागतो. उडीपूर्वी पट्टा दोन्ही हातांनी ताणून सोडावा. तो लगेच मूळ लांबीवर आला नाही, किंवा त्यावर बारीक भेगा दिसल्या, तर काच कितीही नवी असो, तो गॉगल वापरू नये.

चेहरा संपूर्ण झाकणारी, पुढे पारदर्शक पडदा असलेली शिरस्त्राणेही मिळतात. सरावलेल्यांना ती सोयीची पडतात. पण नवशिक्याने आरंभी साध्या गॉगलवरच शिकावे. पडद्यावर वाफ धरली किंवा त्याची खिटी सुटली तर काय करावे हे अंगवळणी पडलेले नसताना एक गुंतागुंत कमी असलेली बरी.

५. काच, म्हणजे काच नव्हे

गॉगलच्या पुढच्या भागाला आपण सवयीने काच म्हणत असलो तरी खरी काच ह्या कामी सर्वथा निषिद्ध आहे. तडकली तर तिचे तुकडे डोळ्यातच जातील. चांगल्या गॉगलला पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक वापरलेले असते. १९५३ साली जर्मनीत हर्मान श्नेल ह्यांनी आणि त्याच सुमारास अमेरिकेत डॅनियल फॉक्स ह्यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ते शोधून काढले. आघात झाला असता ते फुटण्याऐवजी वाकते आणि दबते, हा त्याचा मुख्य गुण. दोष दोन : त्यावर ओरखडे लवकर उठतात, आणि पेट्रोल, ॲसिटोन यांसारख्या द्रवांनी त्यावर तडे जातात. म्हणून कठीण लेपाचाच गॉगल घ्यावा, साबणाच्या सौम्य पाण्याने धुवावा, आणि धूळ बसलेली असताना दुपट्ट्याच्या टोकाने पुसण्याचा मोह आवरावा.

आघात सोसण्याची शक्ती कशी ओळखावी? आपल्याकडे भारतीय मानक ५९८३ हे नेत्रकवचांसाठी आहे. युरोपात १६६ क्रमांकाचे मानक अनेक वर्षे वापरात राहिले आहे, आणि त्याची परीक्षापद्धती समजून घेण्यासारखी आहे. सहा मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी ठराविक वेगाने गॉगलवर मारतात. सेकंदाला ४५ मीटर वेगाची गोळी सोसणाऱ्याला एफ हे अक्षर मिळते, १२० मीटर सोसणाऱ्याला बी, आणि १९० मीटर सोसणाऱ्याला ए. आपला उडी घेणारा सेकंदाला ५५ मीटर वेगाने खाली येत आहे. अर्थात एफ अक्षराची गोळी त्याच्या वेगापेक्षा मंद ठरते. वाटेत पोलादी गोळ्या भेटत नाहीत हे मान्य करूनही, ज्यावर बी हे अक्षर कोरलेले आहे असा गॉगल घ्यावा अशीच माझी शिफारस राहील. अक्षर काचेवर आणि चौकटीवर दोन्हीकडे पाहावे.

६. रंग

उन्हाळ्यात काळा गॉगल हवाच, ही समजूत दृढ आहे. डोळ्यास अपायकारक असे अतिनील किरण पॉलिकार्बोनेट स्वतःच बहुतांशी अडविते; त्यासाठी ते काळे असण्याची मुळीच गरज नाही. काळेपणाने केवळ डोळे दिपणे थांबते. उलट सायंकाळच्या उडीत, आपल्याकडील काळ्याभोर नांगरटीच्या पार्श्वभूमीवर शेतातून गेलेल्या विजेच्या तारा काळ्या काचेतून दिसतच नाहीत, आणि उतरताना तारांइतका दुष्ट शत्रू दुसरा नाही. शिवाय नवशिक्याचे डोळे प्रशिक्षकाला दिसावे लागतात. माणूस भानावर आहे की गोठून गेला आहे हे हवेत बोलून कळत नाही, नजरेवरूनच कळते. पारदर्शक गॉगल सर्व वेळी चालतो. दुसरा घेण्याची ऐपत असेल तर दुपारसाठी फिकट तपकिरी घ्यावा.

ध्रुवित काचांपासून, म्हणजे पाण्यावरची चकाकी मारणाऱ्या काचांपासून, दूर राहावे. अशी काच डोळ्यांपुढे धरून मोबाईलच्या पडद्याकडे पाहावे आणि मोबाईल हळूहळू फिरवावा. एका विशिष्ट कोनात बहुतेक पडदे काळे पडतात. आकडे दाखविणाऱ्या उंचीमापकाचे नेमके हेच होते. उन्हात आपोआप काळवंडणाऱ्या काचा थंडीत अधिक गडद होतात आणि उजळण्यास वेळ घेतात, म्हणून त्याही नकोत.

७. ज्यांना चष्मा आहे त्यांच्यासाठी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : दूरचा नंबर असेल तर चष्मा खाली ठेवून जाऊ नये. चष्म्यावरून बसणारे मोठ्या पोकळीचे गॉगल मिळतात, आणि प्रशिक्षकाच्या पुढे बांधून जी उडी घेतात तीत असे गॉगल आयोजकांकडेच असतात. मात्र चष्म्याच्या जाड काड्या कानशिलापाशी स्पंज उचलून धरतात आणि तेथून वारा शिरतो. म्हणून बारीक काड्यांचा, प्लॅस्टिकच्या भिंगांचा चष्मा घालावा आणि त्याला मागून दोरी बांधावी. डोळ्यात बसविण्याच्या मऊ भिंगांची सवय असेल तर गॉगलखाली ती उत्तम चालतात. पण ती उडीच्या दिवशी प्रथमच वापरून पाहू नयेत.

चाळिशी उलटलेल्यांची अडचण निराळी असून तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. त्यांना दूरचे शेत स्वच्छ दिसते, पण हातभर अंतरावरचा उंचीमापक पुसट दिसतो. घरीच मनगटी घड्याळ बांधून, हात उडीच्या स्थितीत पसरून, गॉगलसह सेकंदकाटा वाचता येतो का ते पाहावे. न आल्यास मोठ्या तबकडीचा, जाड काट्याचा उंचीमापक मागून घ्यावा.

नेत्रपटल सुटल्यावरील शस्त्रक्रियेत कधीकधी डोळ्यात वायूचा बुडबुडा भरतात. तो असेतोवर उडी तर नाहीच, साधा विमानप्रवासही करू नये. १०,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के उरतो, बुडबुडा दीडपटीच्या जवळपास फुगू पाहतो आणि डोळ्याच्या आतील दाब वाढून दृष्टी जाऊ शकते. उणे नंबर मोठा असणाऱ्यांनी, आणि डोळ्यावर अलीकडे कोणतीही शस्त्रक्रिया झालेल्यांनी, आधी नेत्रवैद्याची परवानगी घ्यावी. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचे विनोबा भावे रुग्णालय आपल्यापासून दूर नाही.

८. वाफ

उंची दर हजार फुटांना सुमारे दोन अंशांनी थंडी वाढविते. पौषातल्या सकाळी वर्ध्यात १२ अंश असतील तर १०,००० फुटांवर उणे ८ अंशांच्या आसपास असणार. तेथे थंड झालेली काच छत्रीखालून दमट हवेत उतरली की फ्रीजमधून काढलेल्या बाटलीप्रमाणे तिच्यावर वाफ धरते, आणि तीही उतरण्याची जागा हेरण्याच्या ऐन वेळी. हा धोका कोरड्या उन्हाळ्यापेक्षा भाद्रपद-आश्विनात अधिक. आतून वाफरोधक लेप असलेला आणि वरच्या कडेला बारीक छिद्रे असलेला गॉगल घ्यावा. विमानात बसल्याबसल्या तो घालून घामाघूम होऊ नये, दार उघडण्यापूर्वी चढवावा. तरीही वाफ धरलीच, तर छत्री पूर्ण उघडून स्थिर झाल्यावर गॉगल बोटभर पुढे ओढून वारा आत घेता येतो.

मोकळ्या पतनात गॉगल उडूनच गेला तर? हात त्याच्यामागे धाडू नयेत, शरीराचा तोल जातो. डोळे बारीक करून उंचीमापक पाहावा, आणि आकडा वाचता येत नसेल तर वाट न पाहता छत्री उघडावी. उंचावर उघडलेली छत्री फार तर दूर नेऊन उतरवील.

ज्यांना प्रत्यक्ष उडी घ्यायची आहे त्यांनी हरियाणातील नारनौलसारख्या केंद्रावर जाताना तेथे मिळणाऱ्या गॉगलवर विसंबून न राहता वरील कसोट्या लावाव्यात, आणि न बसणारा गॉगल निःसंकोच परत करून दुसरा मागावा. ज्यांना उडी घ्यायची नाही अशा वर्धा जिल्ह्यातील बहुसंख्य वाचकांना माझी एक विनंती आहे. सोयाबीनच्या हंगामात मळणीयंत्रासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर येणारा कुटाराचा झोत, आणि त्यातील कुसळांनी होणारी बुबुळाची जखम, ही हवाई उडीपेक्षा कितीतरी अधिक घरांतील गोष्ट आहे. गालांवर नीट बसणारा, पारदर्शक, पॉलिकार्बोनेटचा गॉगल त्या माणसासाठीही तितकाच योग्य आहे; मळणी सुरू होण्यापूर्वी तो घरात आणून ठेवावा, आणि मजुरीने आलेल्या माणसालाही द्यावा.